समुद्रापासून तिसरी रांग

(कोथरूडमधला फ्लॅट. मार्चमधला शनिवार, दुपार. हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्या आहेत. एकीत कपडे, दुसरीत निम्म्याहून जास्त औषधं.)

दिग्विजय : ...आणि हॉटेलचा माणूस इतका गोड बोलत होता. म्हणाला, सर, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तुमची खोली बदलून ठेवली आहे. मी म्हटलं, कुठल्या मॅडम? तर म्हणाला, तुमच्याच.

पूर्णिमा : तनूचे मोजे कुणी काढले बॅगेतून?

दिग्विजय : मी. अंदमानात लोकरीचे मोजे घालून कुणी फिरत नाही. खोलीचं बोल.

पूर्णिमा : विमानात गार असतं.

दिग्विजय : पूर्णिमा.

पूर्णिमा : हो. मी बदलली. मंगळवारी फोन केला होता.

दिग्विजय : पाच महिने आधी धरून ठेवलेली खोली. दार उघडलं की वाळू, वाळूपुढे पाणी. पोरीने त्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय. आणि परवा आपण पोचणार कुठे, तर समुद्रापासून तिसऱ्या रांगेत, हॉटेलच्या स्वयंपाकघरामागे. दार उघडलं की कांद्याची फोडणी. ती तर आपल्याला इथे बसूनही मिळते, शेजारच्यांकडून.

पूर्णिमा : दार उघडलं की पाणी, तेच मला नको होतं. ती आपल्याआधी उठते. पाच वर्षांची आहे, कडीला हात पोचतो तिचा. मी त्या माणसाला विचारून घेतलं, तुमची कडी किती उंचीवर आहे.

दिग्विजय : काय म्हणाला?

पूर्णिमा : फोन धरून ठेवा म्हणाला. मग जाऊन मोजून आला बिचारा.

दिग्विजय : आणखी काय काय मोजायला लावलंस त्याला?

पूर्णिमा : तिसऱ्या रांगेपासून पाण्यापर्यंत एकशे वीस पावलं. भरती असली तर नव्वद. दवाखाना गाडीने दहा मिनिटांवर, आणि तिथे डॉक्टर मुक्कामाला असतात.

दिग्विजय : आणि हे सगळं मला न विचारता.

पूर्णिमा : तुला विचारलं असतं तर तू हसला असतास.

दिग्विजय : हसलो असतोच. म्हणून काय खोली...

तनया : बाबा, माझा चष्मा कुठंय? पाण्यातला?

दिग्विजय : तनू, आत खेळ जरा. आम्ही बोलतोय.

तनया : पण उद्या मंडईला जायचंय ना आपल्याला. मग?

पूर्णिमा : मंडईत पाण्यातला चष्मा कशाला लागतो गं?

तनया : कांदे असतात ना तिथे. खूप.

दिग्विजय : हो, म्हणजे, कांद्याने डोळ्यांत...

पूर्णिमा : निळ्या पिशवीत बघ, तनू. टॉवेलाखाली आहे. काचा पुसून ठेवल्यात.

तनया : सापडला!

दिग्विजय : तुला माहितीये?

पूर्णिमा : सहा रविवार झाले. मंडईतून आलेल्या पोरीच्या केसांना क्लोरीनचा वास येतो. आणि भाजी? मंडईतून कुणी मुळं कापलेली, वर रबर लावलेली मेथी आणतं का? ती खालच्या कोपऱ्यावरच्या गोदाबाईंची जुडी. त्यांनीच हटकलं मला. साहेब दर रविवारी ओल्या डोक्याची पोर घेऊन भाजी नेतात, म्हणाल्या, सर्दी होईल हो तिला.

दिग्विजय : मग बोलली का नाहीस?

पूर्णिमा : बोलले असते तर बंद करायला लावलं असतं. ते मला नको होतं.

दिग्विजय : आणि टॉवेल?

पूर्णिमा : दुसऱ्या रविवारी तू विसरलास. तुझ्या शर्टाने पुसलं होतंस तिला, शर्ट पिळून वाळत टाकावा लागला. तिसऱ्यापासून मी ठेवायला लागले.

दिग्विजय : मला वाटत होतं, मीच ठेवतोय.

पूर्णिमा : तुला तसं वाटतंच. घरातला सिलिंडरही आपोआप येतो, असं वाटतं तुला.

दिग्विजय : बरं. आणि आम्ही पोहायच्या टँकवर असायचो तेव्हा तू काय करायचीस?

पूर्णिमा : बाल्कनीत कपडे वाळत घालायचे. घालून झाले की काढायचे. परत घालायचे. गेटमधून तुझी स्कूटर आत आली की आत जाऊन चहा टाकायचे.

तनया : आई, तू पण ये ना टँकवर. बाबा म्हणाले, तुला पाणी आवडत नाही.

पूर्णिमा : असं म्हणाले का बाबा.

दिग्विजय : तूच सांगितलं होतंस मला. लग्नाआधी. पोहता येत नाही, आवडत नाही, विषय संपला.

पूर्णिमा : येत नाही असं नाही. शिकत होते. तनूपेक्षा थोडी मोठी, आठ वर्षांची. तेव्हा पाठीला डबा बांधून शिकवायचे.

तनया : जेवणाचा?

पूर्णिमा : नाही गं. मोठा, पत्र्याचा, तेलाचा असतो तसा. तोंड पक्कं बंद केलेला. आत नुसती हवा, म्हणून माणूस वर राहतो. माझ्या डब्याला आजोबांनी हिरवा रंग दिला होता. आमचे बापूराव सर रोज एकेकाला रांगेत उभं करून दोरी आवळायचे. एक दिवस मला वाटलं, आवळतायत. ते सोडत होते. आणि मग ढकललं.

तनया : न विचारता?

पूर्णिमा : न विचारता. तेव्हा तशीच पद्धत होती. ढकललं की पोरं शिकतात म्हणायचे. बरीच शिकलीही.

तनया : तू?

पूर्णिमा : मी खाली गेले. पाय फरशीला लागले. वर डबा दिसत होता, हिरवा, काठावर ठेवलेला. मग कुणीतरी दंडाला धरून काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं, आली पोहून.

दिग्विजय : नऊ वर्षांत हे एकदाही बोलली नाहीस.

पूर्णिमा : काय बोलायचं त्यात? डोक्यावरून पाणी घेताना मी अजून डोळे मिटत नाही. शाम्पू जातो. तू म्हणतोस ना, रविवारी डोळे का लाल.

दिग्विजय : मी म्हणायचो, मोबाइल कमी बघ.

पूर्णिमा : हो. दर रविवारी.

दिग्विजय : म्हणजे बापूराव सरांनंतर न विचारता ढकलणारा मीच. मला सांगायचं होतं तुला. पण वाटायचं, तू नाही म्हणशील, आणि एकदा तू नाही म्हटलंस की या घरात पुढे काही होत नाही.

पूर्णिमा : नाही म्हटलंच असतं. आणि खोली मीही तशीच बदलली. जाऊ दे.

तनया : आमच्या नम्रता मॅडम विचारतात.

पूर्णिमा : काय विचारतात?

तनया : पोटाखाली हात धरतात, असा, आणि विचारतात, सोडू का? आपण नाही म्हटलं की नाही सोडत.

पूर्णिमा : कितीही वेळा नाही म्हटलं तरी?

तनया : मी तीन रविवार नाही म्हणाले. सानवी तर अजून नाहीच म्हणते. तिला कुणी हसत नाही.

पूर्णिमा : मग चौथ्या रविवारी काय झालं?

तनया : मग मीच म्हणाले, सोडा.

दिग्विजय : भिंतीपासून दोरीपर्यंत गेली गं. मी मोबाइल काढेपर्यंत पोचली होती. रस्ताभर ठरवत होतो, घरी गेल्या गेल्या तुला सांगायचं. आणि आल्यावर मटार किती कोवळे मिळाले, तेच सांगत बसलो.

पूर्णिमा : आठवतंय मला. मटारांबद्दल बोलताना तुझा आवाज भरून आला होता. मला तेव्हाच कळलं, पोरगी पोहली. आत जाऊन सोलत बसले. त्या दिवशी एकही दाणा किडका निघाला नाही, बघ.

दिग्विजय : फोन करू का हॉटेलला? पहिल्या रांगेत असेल एखादी अजून शिल्लक.

पूर्णिमा : नको. तिसरीच राहू दे. कांद्याच्या वासाने कुणी मरत नाही. एकशे वीस पावलं मी तिच्या बरोबर चालेन. शेवटी पाणी आलं की ती मला विचारेल, आणि मी तिथे उभं राहून ठरवेन. आज इथे बसून मला हो म्हणायला लावू नकोस.

दिग्विजय : नाही लावत.

पूर्णिमा : ते मोजे ठेव परत. चेन्नईला विमान बदलायचंय, तीन तास एसीत बसावं लागेल.

दिग्विजय : ठेवतो.

पूर्णिमा : उद्या मंडईला किती वाजता निघता?

दिग्विजय : साडेसातला.

पूर्णिमा : मला सातला उठव. मी काठावर बसेन. नुसती बसेन, आधीच सांगते.

तनया : मॅडम तुला पण विचारतील, आई. तू नाही म्हण. चालतं.