गुलाब आणि डांबर

आखातातल्या अझैबाच्या दवाखान्यात आमच्यासारख्या परदेशी कामगारांना बसवूनच ठेवतात. मागच्या बाकावर वसईचं एक जोडपं होतं.

"ऐक सेलिन. बारोलो, इटलीची लाल वाइन. गुलाब आणि डांबराचा वास. तोंड कोरडं करते, म्हणून चरबीवाल्या मटणाबरोबर द्यायची. मासळीबरोबर नाही."

"ते पाठांतर झालं, लॉरेन्स. काल हॉटेलात बाटली नासलेली होती. ओल्या गोणपाटाचा वास मारत होती, आणि तू गेस्टला गुलाब सांगितलास."

"एकदा चुकलो."

"डॉक्टरला सांग, त्या तापापासून तुला वासच येत नाही."

"रिपोर्ट हॉटेलात जातो. मग नोकरी खलास."

"जाऊ दे."

"वसईला जाऊन काय करू? तुझ्या भावाच्या टेम्पोत केळी भरू?"

"सकाळी घरभर गॅस पसरला होता. तू शेगडीपाशी लायटर घेऊन उभा. मी हिसकावला नसता तर?"

"हळू बोल."

"पोर आत झोपली होती, आपली नॅटली."

नर्सने लॉरेन्सचं नाव पुकारलं.

"क्या तकलीफ है?"

"घुटना दुखता है, सिस्टर."