गाडी नंबर तीन चोरीला गेलेली नाही

लंबासा पोलीस ठाणे, सोमवार, १ जुलै २०१९

नाव : श्रीमती जसोदरा बिसुन. वय : ७१. धंदा : बससेवा, गाड्या पाच. राहणार : वाइलेवू.

समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे की, माझा मुलगा मुनेश (वय ४६) याने आज सकाळी तक्रार दिली की त्याची बहीण अंजुला (वय ४२) हिने गाडी नंबर तीन चोरली. चोरी झालेली नाही. कागदोपत्री मालक अजून मीच आहे.

पती वारल्यापासून अडतीस वर्षे धंदा मी एकटीने चालवला. आता झेपत नाही. माझ्यामागे कोणी बघायचे हे ठरवण्यासाठी दोघांना सांगितले, एकेक वर्ष चालवून दाखवा. तेवढ्या काळात मी तोंड उघडणार नाही. पहिले वर्ष मुनेशला दिले, कारण तो मुलगा. दुसरे कारण नव्हते. चूक माझी, तशीच लिहा.

मुनेश कष्टाळू आहे. त्याने उघड्या बाजूंच्या जुन्या गाड्या काढून काचबंद, थंड हवेच्या आणल्या. आमच्याकडे बाजाराला निघालेल्या बायका मासे, जिवंत खेकडे, अळूच्या कंदांची पोती घेऊन चढतात. बंद गाडीत वास कोंडला. मुनेशने दारावर पाटी लावली, "ओला माल आणू नये." बायका मालट्रकमधून जाऊ लागल्या. माझी जुनी गिऱ्हाइके रस्त्यावर उभी दिसत आणि मी ओठ मिटून घरात बसे.

अंजुला वर्षभर दर रविवारी शेडमागे उरलेल्या उघड्या बाजूंच्या जुन्या नंबर तीनखाली आडवी होऊन इंजिन दुरुस्त करत होती. मी विचारले, "अगं, हे कशाला?" ती म्हणाली, "तू तोंड उघडणार नव्हतीस ना, माई?"

मुनेशचे वर्ष काल संपले. नंबर तीन त्याने भंगारात द्यायचे कबूल केले होते. घेणारा आज दहाला यायचा होता. पहाटे साडेपाचला अंजुलाने गाडी बाहेर काढली. तिच्याकडे मोठ्या गाडीचा परवाना आहे. मी पहिल्या बाकावर होते. मुनेश फाटकात आडवा आला.

"मी शब्द दिलाय. गाडी सोड."

"दादा, तुझं वर्ष संपलं. आता तू गप्प बसायचंस."

तो तडक इथे आला. त्याच्यावर माझा राग नाही. दिलेला शब्द पाळायला मीच शिकवले आहे.

अंजुलाने आधीच घरोघर जाऊन कळवले होते. प्रत्येक वळणावर बायका उभ्या होत्या. गाडी खच्चून भरली. मला पोरीचा अभिमान वाटला. जबाबात बसत नसेल तरी लिहा. बाजाराआधीच्या शेवटच्या थांब्यावर लितिया नावाची मासेवाली खेकड्यांच्या माळा घेऊन चढली. जागा नव्हती. अंजुला आरशात बघून म्हणाली, "माई, ऊठ. तिला बसू दे. तू मागे सरक."

माझ्याच गाडीत मला मागे सरक म्हणायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. मी उठले. धंदा हातातून गेला हे तिथेच कळले, आणि वाईट वाटले नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला दोनदा वाचून दाखवला. बोलले तसाच उतरला आहे. सही करते.

जसोदरा बिसुन