भूमिकाच्या कोरसबद्दल अमळनेरचं मत

...आणि वर मलाच विचारतात, "नाना, यात गाणं कुठं?" अहो, गाणं नाहीच! सिनेमाच्या मागं वाजतं ना, ते संगीत आहे ते, नुसतं संगीत, साठ वाजवणारे, चाळीस गाणारे, आणि त्या चाळिसांत आमची भूमिका, माझी मुलगी, एकुलती एक, चेन्नईला असते, कोरसमध्ये गाते... "गाते, तर शब्द कुठं?" शब्दच नाहीत हो त्यात! आऽऽऽ आणि ओऽऽऽ, बेचाळीस मिनिटं!

तुम्हाला सांगतो, मी गिरधर, बत्तीस वर्षं अमळनेरच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या, अख्खा तालुका माझं ऐकायचा! घरी बायको, कुंदा, ऐकायची. ती गेली, मी रिटायर झालो, आता घरात दिवसभर बोलतो तो फक्त कुकर. भूमिकाचा फोन रविवारी. "पप्पा, जेवलात? गोळी घेतली? बरं, ठेवते." दीड मिनिट!

मग तो अल्बम आला. हिचा फोन, "पप्पा, तिकडं लोकांना कसं वाटलं? खरं सांगा हं, इथं सगळे एकमेकांचं कौतुकच करतात." मी शेजारच्या ताईबाईंचं मत सांगितलं. त्यांच्या कानाला मोबाइल लावला तर बाईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, आणि हळूच म्हणतात, "गिरधरभाऊ, त्या पिच्चरमां कोन मरी गयं?" भूमिका इतकी हसली... आईसारखी हसते ती, शेवटी श्वास आत ओढून. त्या दिवशी आम्ही किती बोललो असू? एक्केचाळीस मिनिटं!

झालं! मी कामालाच लागलो. प्रेमराज माझी दाढी करतो, त्याला ऐकवलं, तर अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून हा दहा मिनिटं वाट बघत उभा, "नाना, बठ्ठं झकास शे, पन गानं कवय सुरू व्हई?" अरे बाबा, गाणं कधी सुरू होणार म्हणून काय विचारतोस, शब्दच नाहीत त्यात! बँकेतला जितेंद्र म्हणाला, "काका, मी दुप्पट स्पीडनं ऐकलं, छान आहे, लवकर संपलं." धरणगावला वनाचा लग्नातला बँड आहे, तिथं एसटीनं गेलो, मुद्दाम, उन्हातान्हात! वनानं डोळे मिटून सगळं ऐकलं, मला वाटलं, आता हा जाणकार माणूस काहीतरी बोलणार, तर म्हणतो, "चाळीस मानसं गाई राह्यनात, आन याच्यावर नाचता काब्र येत नही?" का येत नाही म्हणे!

आणि मी हे सगळं एकदम सांगून टाकत नव्हतो बरं का! एका फोनला एकच मत. पुरवून पुरवून. पण किती पुरणार? गल्ली संपली, स्टँडवरचे ओळखीचे संपले, लोक मला बघून कानाला फोन लावायला लागले, बंद फोन हो! मग एका रविवारी माझ्याकडं काहीच नव्हतं. ती म्हणाली, "बरं, ठेवू?" आणि माझ्या तोंडून गेलं, "अगं थांब, स्टँडवरच्या आपल्या पंडितनं ऐकलं ना! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या!"

"पप्पा... पंडितकाका तर दिवाळीत वारले ना? तुम्हीच कळवलं होतं."

आता काय बोलू? शब्दच नाहीत हो!

मग तिनंच विचारलं, "आणि तुम्हाला कसं वाटलं? तुम्ही स्वतः ऐकलंत?" म्हटलं, ऐकलं? सकाळी ऐकतो, दुपारी ऐकतो, कान दुखेपर्यंत ऐकतो, तू सापडतच नाहीस गं त्यात! चाळीस जणांत माझी पोरगी कुठली, तेच मला कळत नाही! तर ती एकदम हळू बोलायला लागली. "पप्पा, मी सापडले तर मला काढून टाकतील. कुणाचा आवाज वेगळा येऊ द्यायचा नाही, हेच तर आमचं काम." बघा! बाप बत्तीस वर्षं एकटा ओरडला, आणि पोरगी शिकली काय, तर न सापडायला!

मग म्हणाली, "थांबा." आणि तिनं तिची ओळ एकटीनं गायली. फोनवर. एवढीशी... आऽऽऽ... दोन श्वासांत संपली. "कसं वाटलं?" मी म्हटलं, "नेटवर्क बरोबर नाही गं, खरखर येते." नेटवर्क चांगलं होतं. मीच टॉवेल तोंडावर धरून बसलो होतो.

तेव्हापासून तिनं मतं गोळा करायला बंदी घातली. "कुणाच्या दारात जाऊ नका, मीच रोज फोन करीन." करते हो, शब्दाची पक्की आहे! पण रोज बोलायचं काय? ती तिकडं गप्प, मी इकडं गप्प, मधे तिच्या पंख्याचा आवाज. परवा शेवटी मीच विचारलं, "बाई, तुमचं पुढचं रेकॉर्डिंग कधी?"

"का हो पप्पा?"

म्हटलं, "काही नाही... धुळे जिल्हा अख्खा शिल्लक आहे."