वर्नाकडे दोन, माझ्याकडे एक

—नाही, नाही, त्या खुर्चीत नको, कॅप्टनसाहेब. ती शेगडीजवळची कर्टिसची— म्हणजे तशी कोणाचीच नाही, टोर्वाल्ड गेल्यापासून रिकामीच असते. तुम्ही इकडे बसा, खिडकीशी. आणि तो कागद आत ठेवा हो, आधी कॉफी घ्या. तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. माझ्या कुरणातल्या क्षेपणास्त्राचा अलार्म सारखा वाजतो, हेच ना? ससे. लिहून घ्या, ससे. आमच्या डकोटात ससे फार, आणि तुमचं ते यंत्र इतकं नाजूक की कुंपणाच्या आत सशाने कान हलवला तरी तिकडे दिवा लागतो. मग दोन पोरं बंदुका घेऊन तासभर गाडी हाकत येतात— रशियन आले की काय ते बघायला. इतकी वर्षं झाली, एक रशियन आला नाही. आला असता तर एवढ्या थंडीत त्यालाही कॉफी दिली असती, ते सोडा.

टोर्वाल्ड म्हणायचा— माझा नवरा— की सरकारने आपल्या शेतात अशी वस्तू पुरलीय, जी अर्ध्या तासात रशियात पोचते, आणि आपल्याला बर्फातून दुकानापर्यंत जायला दीड तास लागतो. सही मात्र त्यानेच केली. कम्युनिस्ट आले तर सगळंच शेत सगळ्यांचं करतील, म्हणाला, त्यापेक्षा एक एकर सरकारला गेलेला बरा. आणि मग मरेपर्यंत त्या एका एकराला वळसा घालून ट्रॅक्टर न्यायचा आणि प्रत्येक वळशाला सरकारला शिव्या द्यायचा. तुम्हाला लागल्या असतील तर माफ करा. रोल घ्या ना. दालचिनीचा आहे, आजच केलाय. बघा, मनुका नाहीत त्यात.

मनुकांचं का बोलले? ते समोर लाल कोठार दिसतं? ते वर्नाचं. वर्ना सोर्बी. तिच्याकडे दोन आहेत. मनुका नव्हे हो— क्षेपणास्त्रं. खरं तर एक तिच्या शेतात आणि एक तिच्या दिराच्या, पण चर्चमध्ये सांगताना दोन्ही तिचीच. 'आमच्याकडे दोन आहेत,' असं म्हणते, जशी काही तिने पाळून मोठी केलीयत. तर ही वर्ना दालचिनीच्या रोलमध्ये मनुका घालते. आता तुम्हीच सांगा, मऊ घास घ्यावा आणि मधेच कोणीतरी हजर. चर्चच्या जत्रेत मी एवढंच म्हणाले, की झाकायला काही असलं की लोक मनुका घालतात. ती म्हणाली, गुड्रनचे— म्हणजे माझे— रोल म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. झालं. वीस वर्षं झाली, बोलणं नाही. अर्धं चर्च तिच्याकडे, अर्धं माझ्याकडे. पाद्री दोन्हीकडचे खातो आणि गप्प बसतो, त्याचं काय जातं.

तशी काही अडचण नव्हती. पण दोघींचेही नवरे एकाच हिवाळ्यात गेले आणि मग ही पोरं— म्हणजे ससे. सशांचं वाढलं. पोरं यायची, बाहेर उभी, अलार्म पुन्हा लावायला तळावरून परवानगी येईस्तोवर थिजायची. कर्टिस तर अलाबामाचा, त्याने जन्मात बर्फ बघितलेला नव्हता, नुसता हात काखेत घालून उड्या मारत होता. म्हटलं, ये रे आत, बंदूक दाराशी ठेव आणि बूट झटक. दोन रोल दिले. पुढच्या वेळी मला सांगतो, 'आजी, समोरच्या बाईंनी तीन दिले. वर सायही.' तीन! मग मी हातमोजे विणले. तिने टोप्या विणल्या. मी टोर्वाल्डची खुर्ची शेगडीजवळ आणली. तिने काय करावं— रंगीत टीव्ही घेतला, साहेब. स्वतः कधी बघत नाही, डोळे दुखतात म्हणते, फक्त पोरांना फुटबॉल दिसावा म्हणून. इतकं कोणी करतं?

आणि सशांचं म्हणाल, तर ओल्या बर्फात त्यांचा जोर जास्त. सुक्या बर्फाचा गोळा नीट वळत नाही. फेकला की हवेतच फुटतो, कुंपण ओलांडतच नाही— असं म्हणतात. कोण म्हणतं? वर्ना म्हणत असेल. तिला विचारा ना. शनिवारी, फुटबॉल सुरू व्हायच्या आधी बरोबर तासभर तिच्या शेतात ससा कसा येतो, हे विचारा. मी इथून बघते, टोर्वाल्डची बदकांच्या शिकारीची दुर्बीण आहे. हिरवा कोट घालून, फाटकाच्या खांबाला टेकून, हात असा मागे नेऊन— या वयात. तिचा नेम काही खास नाही. माझा पहिल्या फटक्यात—

कॉफी गार झाली का? थांबा, ओतते.

बरं. आता बोललेच आहे तर ऐका. तिच्याकडेही दुर्बीण आहे. तिला माझं ठाऊक, मला तिचं. ती तळावर बोलली तर मी बोलेन, मी बोलले तर ती, आणि मग दोघींकडेही कोणी यायचं नाही. म्हणून सगळं नीट चाललं होतं. भांडण होतं, पण नीट. आता तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हाच मी समजले, की वर्नाने बटण दाबलं. म्हणून मीही सांगितलं. मला काय करायचं ते करा, पण कर्टिसचं नाव कुठे येऊ देऊ नका. त्याने माझा पंप दुरुस्त केला, नाताळात इथे बसून आईला फोन केला आणि डोळे पुसून मला म्हणाला, धूर फार आहे. शेगडी तर तेव्हा विझलेली होती. पोरं यायची थांबली, साहेब, तर ऑक्टोबर ते एप्रिल या घरात मी आणि रेडिओ.

काय? कागद? बघू. चष्मा— हां.

म्हणजे तुम्ही अलार्मसाठी आलाच नाहीत.

मग मला बोलू कशाला दिलंत? चांगला रोल खात बसलात ते. क्षेपणास्त्रं काढणार म्हणजे? सगळीच? पेपरात आलं होतं, हो, रशियाचा लाल झेंडा उतरला, करार झाला, पण पेपरात गव्हाचा भाव वाढणार असंही येतं. मला वाटलं, दुसऱ्यांची काढतील. खड्डा उडवून देणार आणि वर माती टाकणार. आणि पोरं? कर्टिस कुठे जाणार? तेही ठाऊक नाही. बरं.

एक सांगा. वर्नाची? नाही, नीट सांगा. माझं एक जाणार आणि तिची दोन राहणार असतील, तर मी सही करणार नाही, माझ्या अंगणात रणगाडा आणलात तरी. दोन्ही जाणार? दिराचंही? मग ठीक आहे. बरोबरी झाली.

तिकडे रशियातही असेल ना हो एखादी बाई, असल्याच खड्ड्याशेजारी? तिचीही पोरं उठून जाणार असतील. तिला कोण सांगायला गेलं असेल, देव जाणे.

वर्नाला सांगितलंत? अजून नाही? तिने तुम्हाला पाठवलं नाही, मग. तिने काहीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं. आणि मी दोन कप कॉफीत सगळं—

नाही, तुम्ही एकटे जायचं नाही. अशी बातमी परक्या माणसाने दारात उभं राहून द्यायची नसते. मी येते. ते रोल पिशवीत भरा, तुमच्या हातातला राहू दे. आणि त्या वरच्या फळीवरचा डबा काढा, माझा हात पोचत नाही. तो नाही, तो साखरेचा. त्याच्या मागचा.

हो, मनुकाच आहेत. असू देत. टोपी घाला आणि चला.