फोटोत न आलेली गाठ

मी तासगावकडची. आमचा गाव म्हणजे सगळी द्राक्षं नि बेदाणा, नि आई, चुलती, आम्ही बहिणी सगळ्या शेडवर बेदाणा निवडायला, बारका एकीकडं, काळा एकीकडं, तोंडानं गप्पा चालू नि हात आपला चालू. दहावी झाले, पुढं शिकायची लई हौस होती, पण दादा, म्हणजे माझे वडील, म्हणले तालुक्याला एकटी पोरगी न्हाई जायची, नि मग मी रुसले, कुणाशी बोलले न्हाई, पण त्याचा काय उपयोग, लगीनच लावून दिलं. आमचे हे तेव्हा मुंबईला हॉटेलात कुक होते, तिथनं ओळखीनं इकडं आले, मागनं मी आले, नि तेव्हापासून लंडनला, ह्या ईलिंगच्या बाजूला हाय. ह्यांनी पुढं ते काम सोडलं, आता बस चालवतात. मी प्रायमरी शाळेत डिनर लेडी हाय, म्हणजे दुपारी पोरांना जेवाण वाढायचं, टेबलं पुसायची, ट्रे धुवायला लावायचे. पोरांचे एकेक नखरे काय सांगू तुम्हाला, एकाला मटार पायजे पण ग्रेव्हीला शिवलेला नको, दुसऱ्याला ग्रेव्ही पायजे पण मटार दिसला नको. मी म्हणते खा रे बाबांनो, वाढतंय कुणीतरी तोवर खा. एक पोरगी हाय आम्हाला, पल्लवी, ती हिथलीच, हिथंच जन्मली, आता कार्डिफला कौन्सिलमध्ये नोकरीला हाय.

तर ती गाठ. शाळेतच सापडली बघा. एप्रन सारखा करताना डाव्या छातीला, काखेच्या अंगाला, बोटाला काहीतरी लागलं. वाटाण्यापेक्षा मोठं, नि कडक, नि हलत न्हवतं जागचं. मी काय लपवून ठेवणारी बाई न्हाई, काही बायका लाजतात, महिनोन् महिने बोलत न्हाईत, मी त्याच दिवशी ह्यांना सांगितलं, की अहो, असं असं लागतंय. ह्यांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांना धीर द्यायची पाळी आली. सकाळी आठच्या ठोक्याला जीपीला, म्हणजे आमच्या भागातल्या डॉक्टरला, फोन लावला, लाईनीत थांबले, अपॉइंटमेंट मिळाली, डॉक्टरीण होती, तिनं हात लावून बघितलं नि म्हणली व्हय, काहीतरी हाय, मी तुम्हाला अर्जंट ब्रेस्ट क्लिनिकला पाठवते. कुणाला नावं ठेवायला जागा न्हाई, सगळं पटापट केलं त्यांनी.

तोवर ह्यांनी गावी फोन करून त्यांच्या आईला सांगितलं. आमच्या सासूबाई, वय झालंय पण आवाज अजून खणखणीत, व्हिडिओ कॉलवर नुसतं कपाळ दिसतं आम्हाला त्यांचं, फोन कसा धरायचा ते काय जमत न्हाई. त्या म्हणल्या, सुने, तू भिऊ नकोस, मी आपल्या देवीला नवस बोलले हाय, की सुनेचा रिपोर्ट चांगला येऊ दे, तुझी खणानारळानं ओटी भरीन, गोंधळ घालीन, भावकीला जेवाण घालीन. माया हाय हो त्यांची, न्हाई असं न्हाई. पण आता मला वाटतं, त्यांनी सुद्धा रिपोर्टच मागितला देवीकडं, गाठ जाऊ दे असं न्हाई म्हणल्या. देवीनं जे मागितलं ते दिलं, तिला कशाला दोष देऊ?

क्लिनिकला हे बाहेर बसले, नि मी आत. आधी मॅमोग्राम, छाती मशीनमध्ये धरून अशी दाबतात की डोळ्यात पाणी येतं, मग अल्ट्रासाउंड, ते गारगार जेल लावून बराच वेळ फिरवत बसली ती मशीनवरची पोरगी, नि मी छताकडं बघत आंबाबाई आंबाबाई करत होते. मग आतल्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं, नि हसून म्हणल्या, गुड न्यूज, दोन्ही नॉर्मल. मी म्हणलं, मग हे काय हाय? नि त्यांचा हात धरून हिथं ठेवला. त्यांनी दाबून बघितलं, म्हणल्या, थोडं जाडसर लागतंय खरं, पण तुमची छाती डेन्स आहे, म्हणजे आतलं मांस दाट हाय, तुमच्या वयाला असं लम्पी लागतं, फोटोत काही न्हाई, काळजी करू नका, काही चेंज वाटला तर परत या. मी थँक्यू म्हणले. आपल्याला सवयच, थँक्यू म्हणून बाहेर येतो आपण. दाराबाहेर हे उभेच होते, मी नॉर्मल म्हणले नि हा माणूस, ज्यानं लग्नात सुद्धा माझा हात नीट धरला न्हवता, तो सगळ्या लोकांदेखत मला मिठी मारून रडला.

मग काय विचारता. गाडीतनंच गावी फोन. आठवड्याभरात तिकडं गोंधळ घातला, संबळ वाजतंय, देवीची ओटी भरली, भावकी जेवली, नि हिकडं ह्यांनी हिथल्या मराठी मंडळातल्या लोकांना बोलावून पेढे वाटले. पल्लवीनं फुलांचा बुके पाठवला, तो ह्यांनी फ्रीजवर ठेवला. सगळ्या बायका मला म्हणतायत, सुटलीस बाई, देवी पावली. आणि मी हातात पेढ्याचा बॉक्स घेऊन हसत उभी, नि ब्लाउजच्या आत ती गाठ जिथं होती तिथंच, मला हात वर केला की लागतीय. आता सांगा, कुणाला बोलू मी?

एकदा बोलले. सासूबाईंना म्हणलं, आत्याबाई, ते अजून हाताला लागतंय. तर त्या म्हणल्या, नवस फेडला आपण, सुने. देवीनं काढून घेतलेलं तू परत तोंडावर आणतीस, असलं बोलू नको, तिला राग येईल. ह्यांना म्हणलं, तर हे तडकले, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का, मशीन खोटी हाय का? मी पण सोडते का, म्हणलं अंग माझं हाय का मशीनचं? मग हे टीव्हीकडं बघत म्हणले, मला परत त्या कॉरिडॉरमध्ये बसवणार न्हाई, माझ्यात तेवढं न्हाई राहिलं. मला लई राग आला आणि लई कीव पण आली. त्यांचा त्यांना जीव प्यारा न्हाई हो, माझाच हाय, म्हणून तर घाबरतात.

मग सुरू झालं माझं. चेंज झाला तर या म्हणले ना? पण चेंज कळायचा कसा? मी बोटानं बघायची. सकाळी बघायची, शाळेत स्टोअरमध्ये पिठाची पोती आहेत त्याच्या मागं जाऊन बघायची, बसमध्ये कोटाच्या आत हात घालून बघायची, लोकांना वाटत असंल बाईला खाज आलीय. काल सुपारीएवढी होती, आज मोठी वाटतीय, न्हाई, तेवढीच हाय, न्हाई, मोठीच हाय. दाबून दाबून तिथं निळं पडलं नि मग दुखायला लागलं, आता ते गाठीचं दुखणं का माझ्या बोटाचं? देवा, येड लागायची पाळी. मग ठरवलं, हातच लावायचा न्हाई. आंघोळीला त्या अंगाला टॉवेलचा तुकडा घेऊन साबण लावायची, म्हणजे बोटाला कळायला नको. त्या दिवसांत चांगलं वाटायचं का? छे. आतल्या आत आणखी वाईट. पोरांना वाढताना ध्यान राहीना, ग्रेव्ही मटारावर पडली तर एक पोरगं रडलं नि मी पण किचनमध्ये जाऊन रडले. नुसत्या ग्रेव्हीवरनं.

जीपीकडं परत गेले एकटीच, ह्यांना न सांगता. ह्या वेळी दुसरा डॉक्टर होता, तरुण, चांगला बोलणारा. त्यानं कॉम्प्युटरवरचे रिपोर्ट बघितले नि मला विचारलं, झोप कशी लागते, भूक लागते का, घरी काही ताण हाय का. मी म्हणलं ताण हाच हाय. तो म्हणला हेल्थ अँक्झायटी असंल, म्हणजे आजाराचीच धास्ती, गोळी देऊ का, काउन्सेलिंगला नाव घालू का? मनात म्हणलं, गोळी घेतली तर मी झोपंन रे बाळा, ती गाठ झोपंल का? पण तोंडानं थँक्यू म्हणून बाहेर आले. मलाच वाटायला लागलं, खरंच माझं डोकं फिरलंय. सगळी हुशार माणसं, मशिनी, देवी, नवरा, सगळे एका बाजूला, नि मी एकटी एका बाजूला. कितीही तोंडाळ बाई असू दे, एवढ्यांच्या पुढं किती दिवस टिकंल?

दिवाळीला पल्लवी आली. आमच्याकडं नरक चतुर्दशीला पहाटे तेल लावून आंघोळ, ते मी हिथं पण सोडलं न्हाई, बाथरूम तेलकट होतं म्हणून हे बोंबलतात तरी. दरवर्षी मी तिला लावायची. ह्या वर्षी ती म्हणली, आई, आज मी तुला लावतो. लावते म्हण गं, मी म्हणलं, तर हसली. स्टुलावर बसवून माझ्या पाठीला, खांद्याला तेल चोळत होती, हात लई मऊ हो तिचे, नि मला आईची आठवण आली का काय झालं, मला कळलं न्हाई, मी तिचा हात धरला नि डाव्या काखेखाली आणून ठेवला. बोटं फिरवली तिनं हळूहळू, मग थांबली, मग परत फिरवली. नि म्हणली, आई, आहे. खरंच आहे गं काहीतरी.

तुम्हाला वाटंल मला बरं वाटलं. मी एवढे दिवस हेच तर मागत होते, की कुणीतरी एकदा व्हय म्हणावं. पण तिनं व्हय म्हणलं नि बरं कुठलं वाटतंय हो. कारण आत कुठंतरी मला हवंच होतं, की मी येडी निघावी, सगळे खरे निघावेत, मशीन खरी निघावी. ते संपलं. तेलकट अंगानं मी त्या बाथरूममध्ये पोरीच्या गळ्यात पडून रडले, नि ती पण रडली, नि बाहेरनं हे म्हणतायत, अगं पाणी गार होतंय.

पल्लवी भांडायला पक्की, माझ्यावर गेलीय. तिनं फोन केले, मला परत त्याच क्लिनिकला घेऊन गेली, सगळ्यांपुढं म्हणली, माझ्या आईला लागतंय, मला लागतंय, फोटोत दिसत न्हाई म्हणून ते न्हाईच असं कसं? परत फोटो काढले, परत नॉर्मल. मग डॉक्टरीणबाई म्हणल्या, ठीक हाय, हातानं चाचपून त्याच जागेची सुई घेऊ, म्हणजे सुईनं आतला तुकडा काढून तपासू. घेतली. दुखलं, पण मला चांगलं वाटलं, म्हणलं आता तरी त्या गाठीला कुणीतरी आत जाऊन भेटलं. रिपोर्ट यायला वेळ लागला, ते दिवस कसे गेले ते विचारू नका.

रिपोर्ट आला, साधं मांस. काही वाईट सापडलं न्हाई. मी विचारलं, सुई बरोबर तिलाच लागली कशावरनं? त्या म्हणल्या, आम्ही काळजीपूर्वक घेतली, पण शंभर टक्के कुणीच सांगू शकत न्हाई, सहा महिन्यांनी परत बघू, त्याआधी मोठी वाटली तर या. खरं बोलल्या बाई, त्यांच्यावर राग न्हाई माझा. पण पल्लवी! ती तिथंच खुर्चीत ओंजळीत तोंड घालून रडली, थँक गॉड थँक गॉड म्हणत, नि बाहेर आल्यावर म्हणली, आई, आता पुरे हां. आता आपण ट्रस्ट करूया. मी म्हणलं, पण तुझ्या हाताला लागलं होतं ना गं? तर म्हणली, तेव्हा मी घाबरलो होतो, आई. तेलात काय कळतंय. नि माझ्याकडं बघंना. मी तरी काय म्हणू तिला? माझं लेकरू ते, तिला पण जगायचंय, तिला कार्डिफची ट्रेन पकडायची होती. मी तिला डब्यात चकल्या भरून दिल्या.

आता रोज फोन करती ती. आई, बरी आहेस ना? असं विचारती ना, त्या 'ना'मध्येच सगळं असतं, की व्हय म्हण, व्हय म्हण. मी म्हणते, मस्त हाय. हे बाजूलाच असतात, ते पण हसतात. सासूबाईंचं कपाळ हसतं. शाळेत जाते, वाढते, येते. मोठी झालीय का, तर माहीत न्हाई. कधी वाटतं झालीय, कधी वाटतं न्हाई. माझ्या बोटांवर आता माझाच भरवसा राहिला न्हाई, हे सगळ्यात वाईट. कॅन्सर हाय का, तर तसं पण मी म्हणत न्हाई. मला फक्त एवढंच पायजे होतं, की काहीतरी हाय नि ते काय हाय ते कुणालाच माहीत न्हाई, असं म्हणून कुणीतरी माझ्याजवळ बसावं. लोकांना तेवढं बसवत न्हाई. एक तर हाय म्हणून पळतात, न्हाई तर न्हाई म्हणून पळतात.

तुम्ही बाईमाणूस, ओळख ना पाळख, तरी ह्या बाकड्यावर शेजारी बसून इतका वेळ ऐकून घेतलंत, म्हणून विचारते, एकदा तुम्ही हात लावून बघता का? हिथं, बघा, काखेच्या अंगाला. नको, राहू द्या. तुम्ही व्हय म्हणलात तरी मला आता घरी जाऊन भात लावायचाय, न्हाई म्हणलात तरी लावायचाय. उठते मी, ह्यांची शिफ्ट सुटंल. देव तुमचं भलं करो, बाई.