एकच नाव लाल

गोरेगावात उभ्या जीपमध्ये पद्माबाई सीटा भरायची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर प्रेमानंद आणि रविंद्र, कॉलेजातली दोन पोरं, मोबाइलात डोकं घालून बोलत होती.

"प्रेमा, डोंगर चढायचं तुझं ॲप लई भारी झालं रे. पाणी, बॅटरी, दोर, कोण काय आणणार ते सगळं बराबर दिसतंय. पण हे लाल नाव कशाला?"

"ज्यानं 'तयार' दाबलं न्हाई, त्याचं. सगळे हिरवे झाल्याबिगर ग्रुप निघत न्हाई."

"म्हंजे मागं राहिला त्याला समदे फोन करून हैराण करतेत."

"म्हणून तर ठेवलं. कोणी ना कोणी ऐन वेळी कच खातंच."

"आता एकच नाव लाल हाय. ते तुझं काहून?"

"असू दे."

"त्या कड्यावरच्या शिडीमुळं? मागल्या टायमाला अर्ध्यावर हातपाय गळाले होते तुझे."

"हळू बोल. भेव वाटतं असं लिहायला जागाच ठेवली न्हाई मी, रव्या."

"मग ठेव की."

"आता? माझंच नाव लाल असताना? सगळ्यांना कळंल."

"फोन येऊन राहिला बघ ग्रुपवाल्यांचा."

"दाबलं. झालं हिरवं."

"हात काहून थरथरून राहिला तुझा?"

"जीप हलून राहिली."

पद्माबाईंनी समोर पाहिलं. ड्रायव्हर अजून खालीच उभा राहून "सेनगाव, सेनगाव" ओरडत होता.