सेन्सेईंनी तपासलेले मोदक

अगं वसुधा, ह्यांच्या पोटात गाठ सापडली तेव्हा मी गणपतीला नवस बोलले होते. गाठ साधी निघू दे, एकवीस मोदक करीन आणि त्यातला पहिला ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना खायला घालीन. तोवर गोडाला शिवणार नाही.

गाठ साधीच निघाली! मी जपानातल्या आमच्या निशी-कसाई भागातून मोदकांचा डबा घेऊन हॉस्पिटलात हजर. आमचे डॉक्टर, म्हणजे जपानीत सेन्सेई, ऑपरेशनं करायचे, कॉलेजात शिकवायचे आणि संशोधनही करायचे. मागे कायम विद्यार्थ्यांची रांग. डबा पाहताच ते कमरेत वाकून नको म्हणाले. पेशंटकडून काही घ्यायचं नाही, असा तिथला नियम.

"राहू दे ना," हे पलंगावरून कुजबुजले.

"राहू दे कसं? नवस आहे! सांगा त्यांना जपानीत."

ह्यांनी लाजत लाजत सांगितलं. सेन्सेई जरा विचारात पडले. मग म्हणाले, "सर्जन म्हणून मला घेता येणार नाही. पण संशोधक म्हणून, पेशंट काय खातो ते तपासायलाच हवं."

आणि मोदक उचलून तोंडात टाकला! मग विद्यार्थ्यांकडे वळले. "बघत काय उभे राहिलात? हा तुमचा आजचा तास."

दोन मिनिटांत डबा रिकामा. माझ्या डोळ्यांत पाणी, आणि सेन्सेई गंभीरपणे म्हणतात, "एकदाच केलेला प्रयोग आम्ही ग्राह्य धरत नाही. पुढच्या तपासणीला पुन्हा आणा."

तुझ्या सासूबाईंचं ऑपरेशन आहे ना आता? तूही बोल नवस, बाप्पा ऐकतो. फक्त डॉक्टरांचे विद्यार्थी किती, ते आधी विचारून घे.